नववा फर्मा

काकूंच्या कपाटात विणकामाच्या नमुन्यांची एकवीस पुस्तकं होती, आणि काकूंना विणकाम येत नव्हतं.

ही विसंगती अडतीस वर्षांच्या संसारात त्यांच्या नवऱ्याच्या लक्षात आली नव्हती. नवऱ्यांच्या लक्षात काय येतं आणि काय येत नाही यावर बोलत बसलो तर ही गोष्ट राहूनच जाईल, तेव्हा तो विषय सोडू. नवऱ्याचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, गल्लीच्या टोकाला, आणि लहानथोर सगळे त्यांना ‘बाइंडर’ म्हणत. त्यांच्याच दुकानातला तपकिरी कागद आणून काकूंनी एकवीसही पुस्तकांना कव्हरं घातली होती. वर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘विणकाम : स्वेटर’, ‘विणकाम : मोजे’, आणि पुढे कल्पनाशक्ती संपली तशी ‘विणकाम : इतर’. आत मात्र एकजात प्रेमकथा. हलक्याफुलक्या, गोड, ज्यांत कुणी मरत नाही, कुणाची नोकरी जात नाही आणि शेवटच्या पानावर सगळे हसतात, अशा. दुपारी दोन ते चार बाइंडर दुकानात असत आणि काकू त्या पुस्तकांत.

लपवायचं कारण जुनं होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकूंच्या हातात असं एक पुस्तक बघून बाइंडरांनी ते उलटंपालटं केलं, पाठ वाकवून पाहिली आणि म्हणाले, ‘दोन टाके आणि पातळ डिंक. लिहिणाऱ्यानंही एवढेच कष्ट घेतले असणार.’ आणि हसले. समोर काकूंचे वडील बसले होते, तेही जावयाला बरं वाटावं म्हणून हसले. काकूंना ते इतकं लागलं की त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याला या बाबतीत ताकास तूर लागू दिली नाही.

बाइंडर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. फक्त त्यांच्या मते पुस्तक म्हणजे कायद्याचं, वैद्यकाचं, नाहीतर निदान शब्दकोश. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचं एकही पुस्तक परत आलं नव्हतं, आणि हे वाक्य ते दिवसाआड कुणाला तरी ऐकवत.

मग त्या वर्षी कायद्याच्या ग्रंथालयाचं काम लांबलं आणि दुकान रिकामं पडलं. एका प्रकाशिकेनं दोन कादंबऱ्या आणल्या, एक निळ्या कव्हराची, एक पिवळ्या. दोन्ही एकाच आकाराच्या, एकाच कागदावर, एकाच टायपात छापलेल्या. बाइंडरांनी नाक मुरडून काम घेतलं.

आता पुस्तक कसं बनतं ते दोन वाक्यांत सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याची घडी घातली की फर्मा होतो, आणि असे फर्मे क्रमानं जुळवून शिवले की पुस्तक होतं. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण असते, पहिल्याची वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. पुस्तक जुळलं की पाठीवर त्या खुणांचा जिना दिसतो आणि एखादी पायरी चुकली तर बाइंडरला लांबूनही कळतं. म्हणूनच त्यांच्या दुकानात एक नियम होता: एका वेळी टेबलावर एकच पुस्तक. कायद्याच्या पुस्तकांसाठी तो त्यांनी चाळीस वर्षं पाळला. या दोन कादंबऱ्यांच्या वेळी मात्र जुळणीच्या बाईंनी ‘पिवळीचे फर्मे कुठे ठेवू?’ असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘ठेवा तिथेच, निळीशेजारी. दोन्हींत तेच तर आहे!’

तेच नव्हतं. नवव्या फर्म्यांचा तीसचा एकेक गठ्ठा इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे गेला. नववी खूण दोन्हींत एकाच जागी, त्यामुळे जिना कुठेच मोडला नाही. तीस निळी आणि तीस पिवळी पुस्तकं पोटात भलतीच सोळा पानं घेऊन बाजारात गेली. कायद्याच्या पुस्तकांचे जादा फर्मे बाइंडर वर्षभर जपून ठेवत. या कादंबऱ्यांचे त्यांनी त्याच संध्याकाळी रद्दीत दिले होते.

प्रकाशिकेचा निरोप आला तेव्हा बाइंडर जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. काकू ते पाहून वाढायचं विसरल्या. कारण नुकत्याच आणलेल्या ‘विणकाम : मोजे’ या पुस्तकात पान एकशे अठ्ठावीसवर काहीतरी बिनसलंय, हे त्यांना दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं.

निळ्या पुस्तकात एक दातांची डॉक्टर होती आणि एक कुलूपवाला. आठव्या फर्म्याच्या शेवटी डॉक्टरीणबाई त्याच्या तोंडावर दार आपटतात, तेही त्यानंच दुरुस्त करून दिलेलं. पान उलटावं तर कुणीतरी भलतीच बाई पावांचा ट्रे भट्टीत सरकवते आहे. सोळा पानं बेकरी चालते, आणि दहाव्या फर्म्यात डॉक्टरीणबाई आणि कुलूपवाला दुकानात पडद्यांचं कापड निवडत असतात, लोण्यासारखे मऊ होऊन. मधे काय झालं? शेवट गोड होणार हे काकूंना पहिल्या पानापासून माहीत असायचं. तशी खात्री नसती तर त्यांनी पुस्तक हातातच घेतलं नसतं. पण आधी कोण बोललं? माफी कुणी मागितली, कुठल्या शब्दांत, उभ्यानं की बसून? काकू नेमक्या त्याच पानांसाठी ही पुस्तकं वाचत. त्यांच्या घरातली भांडणं कधी मिटलीच नव्हती, ती नुसती थांबायची. बाइंडर दुसऱ्या दिवशी ‘चहा आहे का?’ म्हणून विचारायचे, काकू चहा द्यायच्या, आणि भांडण संपलं असं दोघांनी समजायचं. अडतीस वर्षांत त्या माणसानं ‘चुकलं’ हा शब्द फक्त मापाच्या बाबतीत वापरला होता.

दुकानांमधून सूचना लागल्या: गोष्ट मधेच बदलली असेल तर बांधणीच्या दुकानात जा, दुरुस्त करून मिळेल. निळं एक आणि पिवळं एक आलं की बाइंडर दोन्हींचे टाके उसवत, नववे फर्मे आपापल्या घरी पाठवत आणि पुन्हा शिवून देत. पुस्तकं येऊ लागली आणि बाइंडर रोज जेवताना गिऱ्हाइकांच्या नकला करू लागले.

‘आज एक न्यायाधीश आले होते. निवृत्त. बायकोसाठी आणलंय म्हणाले. मी आपलं विचारलं, गोष्ट कुठपर्यंत आली होती? तर दहा मिनिटं सांगत बसले! वर म्हणतात, कुलूपवाल्याची बाजू मांडायला या पुस्तकात कुणीच नाही.’

‘मग?’ काकू भात वाढता वाढता म्हणाल्या, शक्य तितक्या निर्विकारपणे.

‘मग काय, जाताना म्हणाले, बायको जाऊन सहा वर्षं झाली. तीस वर्षं लोकांची भांडणं निकालात काढली, पण निकालानंतर एकही जोडी हसत बाहेर पडताना पाहिली नाही. म्हणून वाचतो.’ बाइंडरांनी नक्कल करायची असते हे विसरून भात कालवला.

दुसऱ्या दिवशी एक नर्स आली, अतिदक्षता विभागातली. ‘ती म्हणते, दिवसभर पुढे काय होईल याचा पत्ता नसतो, घरी गेल्यावर मला पुढचं माहीत असलेलंच हवं.’ हे सांगताना बाइंडर हसले नाहीत. त्यानंतर नकला बंदच झाल्या. ते नुसते आकडे सांगू लागले. चाळीस आली. बावन्न आली. अठ्ठावन्न आली.

मग आकडा एकोणसाठवर येऊन अडला.

एकोणसाठावं पिवळं होतं, एका बसचालकाचं. त्याच्या बेकरीची सोळा पानं अजून सापडत नसलेल्या एका निळ्या पुस्तकात होती. तो एक दिवसाआड येऊन विचारून जायचा. बाइंडरांनी तोवर दुसरं काम हातात घेणं सोडलं. कायद्याच्या ग्रंथालयाचं काम अखेर आलं, तर त्यांनी ते परत पाठवलं. ‘ज्याला सोळा पानं सांभाळता येत नाहीत त्यानं कायदा बांधू नये,’ ते म्हणाले. आणि एका सकाळी, चपला घालता घालता: ‘हे साठावं आलं नाही तर दुकान भाच्याला देऊन टाकतो. बसतो घरी.’

काकूंनी हातातली कपबशी खाली ठेवली. नवऱ्याची चाळीस वर्षांची इभ्रत आपल्या कपाटात मोज्यांच्या नावाखाली पडली आहे, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. खोटं कशाला बोला, सुरुवातीला थोडी मजाही वाटली होती. जरा कळू दे म्हणावं, पातळ डिंकाची किंमत. पण आता मजा संपली होती. शिवाय बाइंडर घरी बसणार म्हणजे दुपारी दोन ते चारही घरीच बसणार, हा हिशेब करायला त्यांना वेळ लागला नाही.

गुपचूप देऊन टाकावं, असंही त्यांनी मनात घोळवून पाहिलं. शेजारणीच्या हाती पाठवलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर डांगोरा. दुकानाच्या दारात ठेवून पळावं, तर दुरुस्त झालेलं पुस्तक परत कसं मागणार? सोळा पानं त्यांनाही हवी होती. तीनदा शेवटपर्यंत वाचून झालं, तरी दर वेळी एकशे अठ्ठावीसशी आल्यावर त्यांचा जीव तडफडायचा.

अशीच तडफड पंधरा दिवस चालली असती. पण त्या रात्री जेवताना बाइंडर एक वाक्य बोलून गेले.

‘त्या साठाव्याला पडलेलीच नाही,’ ते म्हणाले. ‘मधे सोळा पानं भलतीच आहेत हे कळलंसुद्धा नसेल. घेतलं असेल, चाळलं असेल, टाकलं असेल उशाखाली. वाचता येत नाही तर घ्यावं कशाला माणसानं?’

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोरून वाचते, हे कुणी म्हटलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण वाचता येत नाही?

‘कळलं नसेल कशावरून?’ त्या म्हणाल्या.

‘कळलं असतं तर आला नसता?’

काकूंनी ताटं उचलली, जरा जास्तच आवाज करत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्या दुकानात गेल्या. सणक होती तोवरच निघाल्या, नाहीतर वाटेतून परत फिरल्या असत्या. दुकानात डिंकाचा आणि नव्या कागदाचा वास होता. खाकी शर्टातला तो बसचालक कटिंग मशीनजवळच्या स्टुलावर बसला होता आणि बाइंडर खाली मान घालून दोऱ्याला मेण लावत होते. काकूंनी पिशवीतून पुस्तक काढलं, तपकिरी कव्हर ओढून बाजूला केलं आणि पुस्तक टेबलावर ठेवलं.

‘नववा फर्मा चुकलाय,’ त्या म्हणाल्या.

‘कुठपर्यंत आली होती गोष्ट?’ बाइंडरांनी सवयीनं विचारलं, आणि मग वर पाहिलं.

‘दार आपटलं तिथपर्यंत,’ काकू म्हणाल्या. आता आलोच आहोत तर नीट सांगावं म्हणून त्या थांबल्या नाहीत. ‘एकशे अठ्ठावीस. पुढे सोळा पानं बेकरी आहे. मग एकशे पंचेचाळीसला पडदे. तीनदा वाचलंय मी. मला कळलं होतं, पहिल्याच दिवशी कळलं होतं.’

बाइंडरांच्या हातातला दोरा तसाच राहिला. बोलला तो बसचालक.

‘पहिल्या दिवशी? काकू, आणि मी इथे आठवडाभर खेपा घालतोय!’

‘चुकलं माझं, दादा,’ काकू लगेच म्हणाल्या. ‘तुमचे फार हाल केले मी.’

‘नाही, तसं नाही, हाल काय,’ तो एकदम वरमला. ‘शेवटच्या थांब्यावर अठरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात वाचतो. सकाळपासून लोक माझ्या पाठीशी बोलतात, तेही ओरडून. पुस्तकात निदान कुणीतरी कुणाशी नीट बोलतं. आणि नेमकी तीच पानं गायब. पाववाला आणि ती समोरच्या बेकरीची बाई, दोघं बोलेनासे झालेत हो माझ्याकडे.’

‘इकडे कुलूपवालाही दाराबाहेरच उभा आहे,’ काकू म्हणाल्या, आणि दोघांनी एकमेकांकडे सहानुभूतीनं पाहिलं.

बाइंडरांनी दोन्ही पुस्तकं पुढ्यात घेतली. कव्हरं अलगद सोडवली, टाके उसवले, नववे फर्मे उचलले, अदलाबदल केली आणि सुईत दोरा ओवला. काकूंनी नवऱ्याला काम करताना कितीतरी वर्षांत असं समोर बसून पाहिलं नव्हतं. प्रत्येक टाक्यानंतर ते घडीवरून अंगठा फिरवत, जसं कायद्याच्या पुस्तकावरून फिरवत असतील तसंच. दोन नाही, पाच टाके घातले. पाठीला डिंक लावला, कव्हर चढवलं, आणि पिवळं पुस्तक बसचालकाच्या हातात दिलं. ‘तासभर उघडू नका, डिंक ओला आहे,’ असं त्यांनी बजावलं. तो हो हो म्हणाला आणि पायरी उतरायच्या आत त्यानं ते उघडलं.

आता दुकानात दोघंच उरले. बाइंडरांनी टेबलावरचं तपकिरी कव्हर उचलून वाचलं.

‘विणकाम, मोजे,’ ते म्हणाले. ‘मला वाटायचं, तू कुणासाठी तरी विणतेस.’

‘अडतीस वर्षांत एक मोजा पाहिलात?’

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. ‘नाही,’ ते म्हणाले. मग, ‘सांगितलं का नाहीस?’

‘तुम्ही हसला होतात. पहिल्या वर्षी, बाबांच्या समोर. डिंक पातळ आहे म्हणालात, आणि लिहिणाऱ्यानंही तेवढेच कष्ट घेतले असतील म्हणालात.’ काकूंचा आवाज चढला नाही, पण तो त्यांना वाटलं होतं त्याहून जास्त ओला निघाला. ‘मला फार लागलं होतं ते.’

‘मला आठवत नाही,’ बाइंडर म्हणाले. काकूंना वाटलं, झालं, आता चहा मागतील. पण ते पुढे बोलले. ‘पण हसलो असणार. मी तसाच होतो. परवापरवापर्यंत.’

त्यांनी निळं पुस्तक काकूंच्या पुढे सरकवलं आणि हात मात्र त्यावरून काढला नाही.

‘मी नववा वाचलाय,’ ते म्हणाले, जरा चोरट्या आवाजात. ‘दोन्हींचा. बरोबर जागी बसला की नाही ते तपासायला.’

‘साठ वेळा?’

‘साठ नाही. पण पुष्कळदा.’

‘आणि बाकीचं?’

‘बाकीचं वाचायला काही कारण नव्हतं,’ बाइंडर म्हणाले, आणि काकूंना हसू फुटलं. तो माणूस तीन आठवडे दोन गोष्टींचे मधले तुकडे घेऊन बसला होता, ना आगा ना पिछा. ‘कुलूपवाल्याचं मुळात जमलं कसं हेच मला माहीत नाही. आणि पुढे कुठले पडदे घेतात?’

‘हिरवे. सांगेन सगळं. पण तुम्ही नववा सांगू नका हं, तो मला वाचायचाय.’

‘नाही सांगत. एवढंच म्हणतो, त्या कुलूपवाल्याकडे कारणं होती. चांगली, पटण्यासारखी. न्यायाधीशसाहेबही तेच म्हणत होते. आणि तो गाढव एकही सांगत नाही. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागच आला त्याचा.’ त्यांनी पुस्तकावरचा हात उचलला, तो कुठे ठेवावा ते न समजून पुन्हा टेबलावरच ठेवला. मग ते उठून उभे राहिले, कोर्टात उभं राहावं तसे.

‘चुकलं माझं,’ बाइंडर म्हणाले.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. ‘फर्म्याचं म्हणताय?’

‘नाही. फर्म्याचं प्रकाशिकाबाईंना सांगून झालं. हे तुला.’

रस्त्यावरून बस गेली, काचा हलल्या, आणि मग पुन्हा शांत झालं. काकूंच्या पुढ्यात ती सोळा पानं होती, ज्यांच्यासाठी त्यांनी तीन आठवडे जीव टाकला होता. पण त्यांचं लक्ष पुस्तकाकडे नव्हतंच.

‘परत म्हणा,’ काकू म्हणाल्या.

त्यांनी परत म्हटलं.